चढावरचा गिअर

मिस्त्रींनी नाक मुरडलं की अठरा ट्रॅक्टरवाले नाक मुरडत, आणि आज मिस्त्रींनी खुद्द आपल्या सुनेच्या कामालाच नाक मुरडलं होतं.

चाळीस वर्षं त्यांनी इंजिनं खोलली होती, पण खोलायच्या आधी ऐकली होती. ट्रॅक्टर दारातून आत येता येताच "तिसरा नोझल" म्हणून मोकळे व्हायचे, आणि खोललं की बिघाड तिथंच निघायचा. सून ट्रॅक्टर कंपनीच्या सर्व्हिस सेंटरात, लॅपटॉपवाली. कंपनीनं इंजिनाचं नवं सॉफ्टवेअर पाठवलं होतं, धूर नियमात बसवण्यासाठी. महिनाअखेरपर्यंत ते टाकलं नाही तर इंजिन आपोआप निम्म्या ताकदीवर येणार होतं, तेही ऐन पेरणीत. अठरा ट्रॅक्टरांची यादी सुनेकडे होती, आणि हे तिचं एकटीनं पार पाडायचं पहिलंच काम. घरच्या ट्रॅक्टरवर तिनं ते आधी टाकलं. मिस्त्रींना पटलं की बाकीचे आपसूक रांग लावतील, असा तिचा होरा. झालं भलतंच.

"दम गेला," मिस्त्रींनी बांधावर सगळ्यांदेखत सांगून टाकलं. "चढावर मरायला लागतं. दुसरा गिअर टाकावा लागतोय. आधी तिसऱ्यात जायचं."

"मग आम्ही नाही बुवा टाकून घेणार," वकील म्हणाला. कोर्टाची पायरी न चढता केवळ वाद घालून त्यानं हे नाव कमावलं होतं. "धूर गेला तशी ताकदही गेली. साधी गोष्ट आहे."

सून डगमगली नाही. आपलं काम चोख आहे याची तिला खात्री होती. "बाबा, पुन्हा चला. नांगर लावून. मी मडगार्डवर बसते. दम गेलेला दिसला तर मीच सगळ्यांना सांगेन की थांबा, आणि कंपनीलाही कळवेन."

"चल," मिस्त्री म्हणाले. माघार त्यांच्या रक्तातच नव्हती. आणि ती सुनेनंही सासरी येऊन शिकून घेतली नव्हती.

नांगर जमिनीत उतरला. तिसऱ्या गिअरमध्ये ट्रॅक्टर चढाला लागला. तिच्या मांडीवरच्या लॅपटॉपवर आकडे ठाम होते. इंजिनाचे फेरे कमी होत नव्हते, ताकद अजून शिल्लक होती. आणि तरी मिस्त्रींचा हात गिअरकडे गेला.

"बाबा, बदलू नका."

हात थांबला नाही. नव्या सॉफ्टवेअरनं इंजिनाचा आवाज इतका कमी झाला होता की शेजारचं साधं बोलणंही ऐकू यावं.

"बाबा, राहू दे तिसरा!"

त्यांनी क्लच दाबला. तेव्हा ती त्यांच्या कानाशी तोंड नेऊन ओरडली. मिस्त्रींनी दचकून ब्रेक मारला.

"ओरडतेस कशाला?"

सुनेच्या आता लक्षात आलं. इंजिन मरत नव्हतं. नुसतं शांत झालं होतं, आणि ती शांतता मिस्त्रींना मरणासारखी ऐकू येत होती. वर्कशॉपात सगळेच ओरडून बोलतात, घरात सासूबाईंचा आवाज मुळातच खणखणीत. कुणाला कळणार? जुन्या इंजिनाची डरकाळी तेवढी त्यांच्यापर्यंत पोचत होती, आणि तीही तिनंच काढून घेतली होती.

"बाबा," ती त्यांच्यासमोर वाकून सावकाश म्हणाली, "ओरडायच्या आधी मी तुम्हाला दोनदा हाक मारली."

"कधी?" मिस्त्री म्हणाले.

मिस्त्रींनी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग बांधावरच्या माणसांकडे. ती मंडळी हातवारे करत, तोंडं हलवत होती. त्यातला एक शब्दही त्यांच्यापर्यंत येत नव्हता.

मग त्यांनी लॅपटॉप आपल्याकडे वळवून घेतला. "फेरे कुठले? हे?" तिनं बोट ठेवलं. पुन्हा तिसरा पडला. या खेपेला मिस्त्रींची नजर आकड्यावर होती आणि गिअरकडे जाणारा हात स्टिअरिंगला घट्ट. ट्रॅक्टर चढ चढून गेला, एकदाही न अडखळता.

ते वळसा घालून बांधाशी आले. सुनेनं ओठ मिटून घेतले होते. यादी गेली खड्ड्यात, ही गोष्ट आपल्या तोंडून चारचौघांत जाणार नाही, हे तिनं ठरवून टाकलं होतं.

"काय मिस्त्री, गेला ना दम?" वकील पुढे झाला. नुसतं "गेला" म्हटलं असतं तरी सगळे माना डोलवून घरी गेले असते.

मिस्त्री खाली उतरले, हात पुसले.

"इंजिनाला काही धाड भरलेली नाही. कान माझे गेलेत." कुणी हसलं नाही. "इतकी वर्षं माझ्या कानांवर भरवसा ठेवलात, आता हिच्या डोळ्यांवर ठेवा. आधी वकिलाचा ट्रॅक्टर घे गं."

वकील खाली बघून काहीतरी पुटपुटला.

"मोठ्यानं बोल की," मिस्त्री खेकसले, "आत्ताच काय सांगितलं मी!"