वीस वर्षं टिकणारी सायकल

"एकवीस गिअर आहेत साहेब. चढ आला तरी कळणार नाही."

"एकवीस गिअर म्हणजे एकवीस ठिकाणी बिघडणार," धम्मपाल म्हणाला आणि गुडघ्यावर बसून त्याने मागचं चाक फिरवलं.

दुकानदार गोविंदा हसला. कल्याणच्या बाजारपेठेत इतकी वर्षं सायकली विकून त्याने अनेक गिऱ्हाइकं पाहिली होती, पण हा माणूस गेला तासभर मुलगी पाहायला आल्यासारखा एकेका सायकलीची चौकशी करत होता. रिम ब्रेकच्या रबरांना घासते का, सांधे नीट जोडलेत का, सीटची स्प्रिंग कुरकुरते का. रंग विचारला नाही की कंपनी विचारली नाही. स्वप्ना, त्याची बायको, पंख्याखालच्या स्टुलावर पिशवी मांडीवर घेऊन बसली होती आणि नवऱ्याकडे बघत होती. स्वतःच्या लग्नातली अंगठीसुद्धा याने पाच मिनिटांत पसंत केलेली.

"ही काळी बघा. साधी, जुन्या पद्धतीची. वायरचे ब्रेक नाहीत, दांडीचे आहेत. चेनला पूर्ण कव्हर. हिला मरण नाही."

"किती वर्षं टिकेल?"

"तुम्ही तेलपाणी केलंत तर वीस वर्षं कुठे गेली नाहीत."

"वीस," धम्मपाल मान हलवत म्हणाला. त्याला ते फार आवडलं.

स्वप्नाला मात्र दुसराच आकडा आठवला. मोठ्या हॉस्पिटलातल्या डॉक्टरीणबाईंनी त्याच्या डोळ्यांना वीस वर्षं दिलेली नव्हती. तीन सांगितली होती, फार तर चार.

त्याचं असं झालं होतं. धम्मपाल गेली कित्येक वर्षं कंत्राटी पाणी सोडणारा होता. या गल्लीचा व्हॉल्व उघड, त्या गल्लीचा बंद कर, आणि दोन्ही गल्ल्यांच्या शिव्या खा, हे त्याचं काम. त्यासाठी स्कूटर होती. लायसन संपलं, नवीन करायला डॉक्टरचा दाखला लागतो म्हणून तो गेला, आणि डोळे तपासणाऱ्याने त्याला पुढे पाठवलं, त्याने आणखी पुढे. शेवटी डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं की डोळ्याचा पडदा कडेकडेने वाळत येतोय. समोरचं काही दिवस दिसेल, बाजूचं जात जाईल, आधी रात्रीचं जाईल. औषध नाही, ऑपरेशन नाही.

"घरात आणखी कुणाला होतं? आईला रात्री दिसायचं का?"

धम्मपालची आई भीमाबाई दिवेलागण झाली की भिंतीला पाठ लावून बसायची ती उठायचीच नाही. सगळं घर म्हणायचं, म्हातारी कामचुकार आहे. तोही म्हणायचा.

"मुलं किती तुम्हाला?"

"एक मुलगी. वीस वर्षांची."

"तिलाही घेऊन या. हे पुढच्या पिढीत जाऊ शकतं. जाईलच असं नाही, पण बघून घेऊ."

बाहेर येऊन रिक्षात बसल्यावर तो म्हणाला, "आईचं माझ्यात आलं, बस्स झालं. समीक्षाचं नाव काढायचं नाही."

"अहो, नुसतं बघून घेतलं तर काय बिघडणार आहे?"

"नाव काढायचं नाही म्हटलं ना!"

आणि तिने काढलं नाही. त्याला आयुष्यात तिने इतकं घाबरलेलं कधी पाहिलं नव्हतं, म्हणून काढलं नाही. आपण तेव्हा चुकलो, हे तिला पुढे रोज वाटणार होतं.

स्कूटर विकली आणि दुसऱ्याच दिवशी स्वारी खुशीत घरी आली. "स्वप्ना, सायकलला लायसन लागत नाही!" जणू सरकारने खास त्याच्यासाठी पळवाट ठेवली होती.

"मग ही काळी काढू का?" दुकानात आता गोविंदा विचारत होता.

धम्मपाल उठून दोन पावलं मागे सरकला, आणि त्याच्या डाव्या अंगाला उभ्या असलेल्या सायकलींच्या रांगेवर आदळला. पहिली दुसरीवर, दुसरी तिसरीवर, अशी अख्खी रांग आवाज करत आडवी झाली. रस्त्यावरचे लोक थांबून बघायला लागले.

"किती अडचण करून ठेवलीय दुकानात," स्वप्ना चटकन उठून म्हणाली. "माणसाने उभं राहायचं कुठे?"

बिचारा गोविंदाच माफी मागत सायकली उचलू लागला. धम्मपालनेही दोन उचलल्या. मग त्याने हात झटकले, काळ्या सायकलीला नको म्हटलं आणि कोपऱ्यातल्या, वाकलेल्या दांडीच्या सायकलीकडे दाखवलं.

"ती द्या. तशीच मजबूत आहे ना?"

"मजबुती तीच. पण ती लेडीज आहे साहेब. तुमच्यासाठी पाहिजे ना?"

"पाय पटकन टेकता येतो. आणि माझ्यानंतर पोरगी वापरेल."

वीस वर्षं तो कुणासाठी मोजत होता, ते स्वप्नाला तेव्हा कळलं.

सायकल शहाडला चाळीतल्या घरी आली आणि तिचे लाड सुरू झाले. रविवारी सकाळी धम्मपाल तिला दारात उलटी करायचा, सीट आणि हँडलवर उभी. जुन्या टूथब्रशने चेन घासायचा, एक्सल उघडून छर्रे वाटीत काढायचा, पुसून, ग्रीस लावून परत बसवायचा.

"ती पोह्यांची वाटी आहे!" स्वप्ना आतून ओरडायची.

"धुऊन देतो की."

"ग्रीस जातं का धुऊन? नवीन वाटी आणा आता."

समीक्षा हसत बापाशेजारी येऊन बसायची. लॅब टेक्निशियनचा कोर्स करत होती ती. उंच, बडबडी, बापाच्या वळणावर गेलेली. त्याने तिला चाकाचा आऊट, म्हणजे वाकडेपणा, काढायला शिकवलं. चाक फिरवायचं, रिमच्या जवळ खडू धरायचा, जिथे घासेल तिथली तार सैल, पलीकडची घट्ट.

"घाईघाईत पिळायची नाही. पाव फेरा, परत बघायचं."

"पप्पा, दुकानात देऊया ना. काय एवढं डोकं लावायचं?"

"दुकानवाला आज आहे, उद्या नाही. आपली गाडी आपल्याला उघडता आली पाहिजे."

तेवढ्या वेळात स्वप्नाचं वेगळंच चालायचं. ती मुलीच्या बाजूला, जरा मागे, चहाचा कप ठेवायची आणि दिसतो का बघत राहायची. दिसायचा. मग दिवसभर तिला हलकं वाटायचं. एकदा संध्याकाळी लाईट गेले आणि समीक्षा मोरीच्या वाटेवरच्या बादलीवर अडखळली.

"अगं मम्मी, कोणी ठेवली ही इथे मध्येच?"

अंधारात कुणीही अडखळेल, असं स्वप्नाने स्वतःला सांगितलं. ती स्वतः अडखळली नव्हती, हे मात्र सांगितलं नाही.

दीड वर्ष सायकल चालली. नेहमीच्या गल्ल्या होत्या, रस्त्याची ओळख होती, आणि धम्मपाल पहाटेची पाळी कुणाच्या तरी गळ्यात घालून दिवसाची घ्यायचा. मग एका सकाळी भाजीवाली बायजा डोक्यावर पाटी घेऊन डावीकडच्या बोळातून बाहेर आली आणि तो सरळ तिच्या अंगावर गेला. मेथी, पालक, टोमॅटो सगळं रस्ताभर. म्हातारी हातावर पडली.

"डोलं फुटलं का रं तुजं? दिसत नाय?"

लोक जमले होते. त्याच्या गल्लीतले, रोज त्याची वाट बघणारे आणि रोज त्याला शिव्या देणारे. धम्मपाल खाली बसून टोमॅटो गोळा करत होता. त्याने मान वर न करता सांगितलं, "नाही दिसत, मावशी."

ते एकदा बोललं गेलं आणि मग परत घेता येईना. बायजाचा हात मोडला होता. तिने तक्रार केली नाही, पण गल्लीला कळलं, गल्लीकडून मुकादम भगवानला. भगवान स्वतः घरी आला, चहा घेतला, आणि कप खाली ठेवताना म्हणाला, "धम्मपालदादा, उद्या गाडीखाली गेलात तर मी वहिनींना काय तोंड दाखवू? घरी बसा."

धम्मपाल घरी बसला. स्वप्नाने साड्यांचे फॉल-पिको दुप्पट केले. महिनाभर सायकल दारात उभी होती आणि तरी तो रविवारी तिला तेल देत होता. त्याला आता खडू दिसायचा नाही नीट. तो रिमला नख लावून चाक फिरवायचा आणि कान देऊन ऐकायचा.

मेमध्ये समीक्षाला कल्याणला लॅबमध्ये नोकरी लागली. त्या दिवशी त्याने सायकल पुसून तिच्यासमोर उभी केली. सीट तिच्या उंचीला आधीच लावून ठेवली होती.

"घे. माझं काही नाही, हिला चालती राहायची सवय आहे."

समीक्षा रडली. मग सायकलवर बसून चाळीच्या टोकापर्यंत गेली आणि घंटी वाजवत परत आली. स्वप्नाला वाटलं, एवढं एक तरी चांगलं झालं. पोरगी सकाळी निघायची, संध्याकाळी सातच्या आत दारात. उन्हाळा होता, पाऊस होता, पण सातपर्यंत उजेड असायचा.

दिवाळीनंतर दिवस लहान झाले.

एका संध्याकाळी समीक्षा उशिरा आली, सायकल हाताने ढकलत. घामाने ओली झाली होती. "पुलावर लाईट कमी आहे गं. समोरच्या गाड्या डोळ्यावर मारतात नुसत्या. म्हटलं, चालतच येऊ."

दुसऱ्या दिवशी शेजाऱ्याला घेऊन धम्मपाल बाजारात गेला आणि बॅटरीचा दिवा घेऊन आला, चांगला मोठा, अख्खी चाळ उजळेल असा. हँडलला स्वतः बसवला. स्क्रू तीनदा हातातून पडला, तीनदा त्याने तो फरशी चाचपून शोधला. स्वप्ना मदतीला गेली तर त्याने तिचा हात बाजूला केला.

तो दिवा लावूनही समीक्षा संध्याकाळी चालतच आली.

"आज काय झालं?" स्वप्नाने विचारलं.

"पंक्चर," समीक्षा म्हणाली. खांद्यावरची बॅगही तिने काढली नव्हती. उंबऱ्याशी चप्पल काढताना तिने आधी हाताने भिंत शोधली आणि मग पाय वर घेतला. स्वप्नाने ते पाहिलं.

"कुठलं चाक?" धम्मपालने आतून विचारलं.

"पुढचं. पप्पा, राहू द्या, मी उद्या दुकानात..."

"दुकानात कशाला? आण."

सायकल दारातल्या बल्बखाली उलटी झाली. धम्मपालने पुढच्या टायरवर अंगठा दाबला. टायरमध्ये हवा नव्हती, पण व्हॉल्वची टोपी जागेवर नव्हती आणि नट सैल होता. त्याची बोटं त्या नटावर क्षणभर थांबली. पाणी सोडणं-बंद करणं हेच ज्याने आयुष्यभर केलं, त्याला हाताने सोडलेली हवा कळली असणार. त्याने टायर उतरवला, ट्यूब बाहेर ओढली, नट आवळला, पंप मारून ती फुगवली.

"स्वप्ना, टबमध्ये पाणी आण."

तिने आणलं. ट्यूबचा एकेक तुकडा पाण्याखाली दाबत तो पुढे सरकवत गेला. पंक्चर असलं की तिथून बुडबुडे येतात. ट्यूब पूर्ण फिरली. पाणी शांत होतं. त्याला बुडबुडे दिसत नसतील म्हणून स्वप्ना वाकून बघत होती, आणि बुडबुडा नव्हता. त्याने तळहात पाण्यात धरून ट्यूब दुसऱ्यांदा फिरवली, हळूहळू.

समीक्षा दाराच्या चौकटीला धरून उभी होती. तिने मोबाईलवर या आजाराचं सगळं कधीच वाचलं असणार, हे स्वप्नाला आत्ता उमगलं. लॅबमध्ये काम करणारी पोरगी. तिला कुणी सांगायची गरजच नव्हती. इतके दिवस तिघंही एकमेकांपासून एकच गोष्ट लपवत होते.

"सापडलं का, पप्पा?" समीक्षाने विचारलं.

धम्मपालने ट्यूब पाण्याबाहेर काढली.

"सापडलं," तो म्हणाला. "अगदी बारीक आहे. काचेचं असणार."

त्याने ट्यूबचा एक भाग फडक्याने कोरडा केला, धडधाकट भाग. पॉलिश पेपरने घासला. सोल्युशन लावलं, त्यावर फुंकर मारली, आणि पेटीतून चाचपून काढलेला रबराचा गोल तुकडा नीट मध्यावर बसवला.

"आता नाही होणार."

"आणि उद्या परत झालं तर?"

"झालं तर झालं. तू पुलाच्या अलीकडे थांब. मी येतो ना न्यायला."

अंधारात दारातली पायरीसुद्धा न दिसणारा माणूस हे बोलत होता. समीक्षा "बरं" म्हणाली आणि आत गेली. मोरीतला नळ जोरात सुटल्याचा आवाज आला, आणि तो बराच वेळ चालू राहिला. एरवी पाणी वाया गेलं की धम्मपाल घर डोक्यावर घ्यायचा.

स्वप्नाने टब उचलून गटारात रिकामा केला. परत आली तरी तो तसाच बसला होता, मांडीवर ट्यूब आणि ट्यूबवर अंगठा.

"अहो, चिकटलं असेल आता," ती म्हणाली.

"हो," तो म्हणाला, पण त्याने अंगठा उचलला नाही.