शेंदराचा दगड

"धोंडीबा, इथं देव आहे का रे?" मोजणीच्या साहेबांनी विचारलं.

या एका प्रश्नाची धोंडीबाने तेरा वर्षं वाट पाहिली होती.

समोर बबनरावाचं पत्र्याचं हॉटेल, दाराशी शेंदूर फासलेला दगड. एका अंगाला मुंबई-पुणे रस्ता, दुसऱ्या अंगाला रूळ. मधल्या पट्टीतून चिंचवडच्या लोकलसाठी जादा रूळ टाकायचे होते. चौसष्ट साली हा रस्ता रुंद झाला, तेव्हा मोजणीच्या आदल्या दिवशी बबनरावाने बांधावरच्या दगडाला शेंदूर फासून म्हसोबा उभा केला. देवाला हात कोण लावणार? आखणी पलीकडे सरकली आणि धोंडीबाची विहीर डांबराखाली गेली. रान पडीक पडलं, धोंडीबा मोजणीच्या खुंट्या ठोकणारा रेल्वेतला खलाशी झाला. बबनरावाला दगड रंगवताना त्याने पाहिलं होतं. पण चारचौघांत 'हा देव नाही' म्हणायला त्याची जीभ रेटली नाही, आणि त्या लाजेपायी त्याने ते बायकोला, तानूबाईलाही कधी सांगितलं नाही.

बबनराव धावत आला. "सायब, जागृत देव हाय. रूळ जरा तिकडं सरकवा. धोंडीबा, सांग की. तुजी तानूबाई..."

"देव न्हाई, सायब," धोंडीबा म्हणाला. "माज्या डोळ्यांदेखत रंगवलाय ह्यांनी."

बबनरावाने मान खाली घातली. साहेबांना तेवढं पुरलं. "मग काढ तो. खुंटी तिथंच येईल, रूळ हॉटेलातून जातील."

धोंडीबाने पहार घातली. इतकं गार त्याच्या जिवाला कैक वर्षांत वाटलं नव्हतं. दगड आडवा झाला, तशी शेंदराची बोटभर जाड खपली निघाली.

"लई शेंदूर चढवलात, बबनराव."

"म्या एकदाच लावला," पायरीवर बसलेला बबनराव म्हणाला. "बाकी समदा तानूवहिनीचा. तू कामावर असतोस. दर आवसेला येत्यात, तुजी नोकरी टिकावी म्हणून."

धोंडीबाने खुंटी ठोकली. एक घाव चुकून अंगठ्यावर बसला.

घरी तानूबाई त्याच्या हातावर पाणी घालत होती. लाल जाईना.

"कुटं गेलावता?"

त्याने पहिल्यापासून सगळं सांगितलं. ती पाणी घालत राहिली. तांब्या रिकामा झाला तशी आत गेली. उद्या अमावस्या. तेलात कालवलेल्या शेंदराची वाटी कोनाड्यात तयार होती. ती तिने उचलली, आणि कुठं ठेवावी ते न कळून तशीच हातात धरून उभी राहिली.