फर्डिनंडच्या आधी नाही

डॉक्टरांनी गॅब्रिएलला सांगितलं, साखर आणि रक्तदाब दोन्ही हाताबाहेर गेलेत, असंच खात राहिलात तर फार तर दोन वर्षं. हे एकोणऐंशी साल. गॅब्रिएलला मरणाची भीती नव्हती. बासष्ट वर्षं झाली होती, वाडीतल्या केळी मुलगा बघत होता, बायको सुझान तीन वर्षांपूर्वी पुढे गेली होती. भीती एकच होती, की आपण फर्डिनंडच्या आधी मरू.

कारण फर्डिनंड दफनाला येणार. पांढरा शर्ट घालून, पुढच्या रांगेत. मूठभर माती टाकणार आणि शेजारच्याला ऐकू जाईल अशा बेताने म्हणणार, "मी तेव्हाच म्हटलेलं. हा टिकायचा नाही."

तेव्हा म्हणजे एकोणीसशे एक्केचाळीस. गॅब्रिएलचं रेजिनाशी ठरल्यातच जमा होतं. देवळात लग्नाची नावं पुकारायची तेवढी बाकी होती. मधेच रेजिनाच्या बापाच्या कानावर गेलं, की मुलाची छाती अधू आहे, धाप लागते, तिशी बघायचा नाही. ही बातमी फर्डिनंडने पोचवली असं सगळं गिरीज गाव म्हणालं, आणि फर्डिनंडने नाकारलं नाही. सहा महिन्यांनी रेजिनाचं लग्न झालं, फर्डिनंडशी. गॅब्रिएल लग्नाला गेला आणि पोटभर जेवला. पुढे त्यानेही सुझानशी लग्न केलं, आणि तीस-बत्तीस वर्षांत तक्रारीला जागा मिळाली नाही. रेजिनाचं दुःख दोन पावसाळ्यांत ओसरलं. 'टिकायचा नाही' मात्र अडतीस वर्षं जसंच्या तसं राहिलं. अशा गोष्टींना मीठ लावून ठेवावं लागत नाही.

गॅब्रिएल सुभद्राबाईंकडे गेला. बाई शाळेतून निवृत्त झालेल्या. पुण्याकडच्या कुठल्याशा आश्रमात निसर्गोपचार शिकून आल्या होत्या आणि घराच्या ओट्यावर बसून लोकांना दुधी पाजत होत्या.

"पहाटे पाचला उठायचं, दोन मैल चालायचं," बाई म्हणाल्या. "मग दुधीचा रस. मग पोटावर ओल्या मातीची पट्टी, वीस मिनिटं. साखर बंद, मैदा बंद, तळलेलं बंद. सुकेळी बंद. डुकराचं मटण बंद. माडी बंद."

इथे प्रत्येक पेशंट विचारायचा, मग जगायचं कशाला? गॅब्रिएलने विचारलं, "याने फर्डिनंडपेक्षा जास्त जगेन ना?"

बाईंनी चष्मा पुसला. "प्रत्येक घास बत्तीस वेळा चावायचा. आणि गॅब्रिएलभाऊ, सगळ्यात महत्त्वाचं. मनातला राग सोडायचा. झोपताना त्या माणसाचं तोंड डोळ्यांपुढे आणायचं आणि म्हणायचं, मी तुला माफ केलं."

"बाई, राग सोडला तर हे पथ्य पाळू कुणासाठी?"

बाईंनी तीस वर्षं चौथीचा वर्ग घेतला होता. असला प्रश्न कुठल्याच मुलाने विचारला नव्हता.

"बरं," त्या म्हणाल्या, "शेवटचं राहू द्या. बाकीचं करा."

बाकीचं गॅब्रिएलने असं केलं, की बाई त्याचं नाव इतर पेशंटना सांगू लागल्या. दुधीचा रस घशाशी अडला, की तो फर्डिनंडचा पांढरा शर्ट आठवायचा. रस सुरळीत उतरायचा. उपवासकाळात गाव चाळीस दिवस मटण सोडतं आणि ईस्टरला सगळं भरून काढतं. गॅब्रिएलने पाच वर्षांत एकदाही भरून काढलं नाही. फादरांनी प्रवचनात त्याच्या संयमाचं उदाहरण दिलं. गॅब्रिएलने मान खाली घातली. लोकांना तो विनय वाटला.

घरात मात्र सणासुदीला सगळं शिजत होतं, आणि त्याच्या वाट्याचं उरत होतं. ते त्याने वाया जाऊ दिलं नाही.

"लूर्डस," त्याने सुनेला सांगितलं, "माझं ताट फर्डिनंडकडे पाठव."

"बाबा, तुमचं त्यांच्याशी बोलणं नाही ना?"

"बोलत नाही. जेवू घालायला काय हरकत आहे? चरबीचे तुकडे बघून घाल. आणि वरून दोन सुकेळी ठेव. चार ठेव."

ताटं जात राहिली. साखर उतरली, गॅब्रिएल हलका झाला, आणि फर्डिनंडच्या पँटचा हूक बसेना. तो कुंपणावरून ओरडायचा, "अरे गॅब्रिएल, तुझी सून म्हणजे सोनं आहे सोनं! तू पण खा की. वाळून सुकटीतला कोलीम झालायस. हा पाला खाऊन टिकायचा नाहीस हां!"

गॅब्रिएल हसला. त्या दिवशी ताटासोबत माडीचीही बाटली गेली.

चौऱ्याऐंशीच्या ईस्टरला फर्डिनंड दोन ताटं जेवला, दुपारी आडवा झाला आणि उठला नाही. चेहऱ्यावर समाधान होतं. असं मरण सगळ्यांना यावं, असं बायका म्हणाल्या.

गॅब्रिएलने पांढऱ्या शर्टाला स्वतः इस्त्री केली. पाच वर्षं पाठ केलेलं वाक्य घेऊन तो पुढच्या रांगेत उभा राहिला. माती टाकली. तोंड उघडलं. शेजारी काळ्या साडीत रेजिना होती.

"बोल ना," ती हळूच म्हणाली. "त्याला ऐकू यायचं नाही, पण मला येईल."

"त्रेचाळीस वर्षं झाली," गॅब्रिएल म्हणाला. "कोण टिकला?"

"तू टिकलास. पण ते त्याने नव्हतं सांगितलं."

"काय?"

"तुझ्या छातीचं. मी सांगितलं बापाला. मला तुझ्याशी करायचं नव्हतं आणि बाप नुसतं नाही म्हटलेलं ऐकणारा नव्हता. फर्डिनंड म्हणाला, कुणी सांगितलं विचारलं तर माझं नाव पुढे कर, मी बघून घेईन."

गॅब्रिएलच्या हाताला अजून माती होती. "का नव्हतं करायचं?"

"आल्बिनाच्या लग्नात तुझ्यासमोर जेवायला बसलेले. चावताना तुझं तोंड वाजतं." तिने रुमालाने डोळे टिपले. "आता तर म्हणे बत्तीस वेळा वाजतं."

"आणि मी ताटं पाठवत होतो…"

"कशाला पाठवतोस ते मला पहिल्या दिवसापासून कळत होतं. त्याला आवडायची. माझाही सैपाक वाचायचा."

गॅब्रिएल घरी आला आणि लूर्डसकडे मटण मागितलं. पाच वर्षांत पहिल्यांदा त्याला पथ्य पाळायला कारण उरलं नव्हतं. ज्याने त्याचं काही वाकडं केलं नव्हतं त्याला त्याने पोटभर जेवू घालून पोचवलं होतं. त्याने एक घास घेतला, चावला, आणि त्याला स्वतःचं तोंड ऐकू आलं. त्याने ताट सरकवलं. दोन दिवस तो फिरायला गेला नाही. माती भिजवली नाही. दुधी वेलावर जून झाला.

तिसऱ्या दिवशी लूर्डस मिस्साहून आली ती ओढणी काढायच्या आधीच म्हणाली, "बाबा, रेजिनामावशी देवळाबाहेर बायकांना सांगत होती. गॅब्रिएल खचलाय म्हणे. हा पावसाळा काही काढत नाही."

गॅब्रिएल सावकाश उठला. चपला शोधल्या आणि भर उन्हात सुभद्राबाईंच्या ओट्यावर जाऊन बसला.

"बाई, रेजिनाची आई किती वर्षांची होऊन गेली हो?"

सुभद्राबाईंनी बोटं मोजली. "ब्याण्णव."

"आणि तिची मावशी?"

"मावशी कुठे गेलीय? परवा भाजी निवडत होती."

गॅब्रिएलने चपला काढून मांडी घातली.

"मग रात्रीची भाकरीही बंद करा," तो म्हणाला.