बंद ठेवलेला भाग

गिरिधर आणि प्रमोदिनीचं सदर भागातलं माडीवरचं दुकान लग्नांच्या शूटिंगवर चालायचं. शूटिंग तो करायचा, एडिटिंग ती. लग्नसराई ओसरली की जुन्या व्हिडिओ कॅसेट कॉम्प्युटरवर उतरवून द्यायची कामं यायची. इंदोरा वस्तीतल्या यमुताई अशीच एक कॅसेट पदरात गुंडाळून घेऊन आल्या. लेकीच्या, प्रीतीच्या लग्नाची. वर्षभरातच प्रीती बाळंतपणात गेली. अल्बम सासरी राहिले आणि सासरचे लोक पुढे कुठे गेले, कुणालाच ठाऊक नाही.

"तिचा चालता-बोलता चेहरा एवढ्यातच हाय वं," यमुताई म्हणाल्या.

प्रमोदिनीनं कॅसेट उजेडात धरली. रिबिनीवर पांढरी बुरशी चढली होती. "एकदा चालंल, मावशी. दुसऱ्यांदा चालंल का, काही सांगता येत नाही."

त्याच सुमारास गिरिधरनं सीताबर्डीच्या बाजारातून एक जुनं ग्राफिक्स कार्ड आणलं होतं. महागड्या कार्डात जी चिप असते तीच यातही होती, फक्त तिचा काही भाग कंपनीनं बंद करून ते स्वस्तात विकलेलं. तो भाग उघडून देणारी एक फाईल त्याला इंटरनेटवर सापडली.

"कंपनीनं बंद काहून ठेवला असंल?" प्रमोदिनीनं विचारलं.

"धंदा हाय त्यांचा. सगळं स्वस्तात देलं तर महागडं कोण घेईल?"

"आन् तो भागच खराब निघाला म्हणून बंद केला असंल तर?"

"तुले तं प्रत्येक गोष्टीत खोटच दिसते," तो हसून म्हणाला आणि त्यानं फाईल चढवली. कार्ड खरंच चौखूर उधळलं. दोन-चार छोट्या क्लिप चालवून पाहिल्या, कुठे काही बिघडलं नाही.

यमुताईंची कॅसेट कशीबशी शेवटापर्यंत चालली आणि परत गुंडाळताना रिबीन तुटली. पण सगळं कॉम्प्युटरवर उतरलं होतं. मग गिरिधरनं त्या कार्डाला चित्र साफ करायला लावलं. सुरुवात दोघांनी मिळून पाहिली. मंडप, पाहुणे, आणि दारातून आत येणारी पांढऱ्या साडीतली प्रीती. बुरशीचे डाग गेले होते, चेहरा लख्ख दिसत होता. प्रमोदिनीच्या डोळ्यांत पाणी आलं. दुसऱ्या एका लग्नाचं शूटिंग टाकायला जागा हवी होती, म्हणून गिरिधरनं कॅसेटवरून उतरवलेली मूळ फाईल पुसली. "साफ केलेली हाय नं आपल्यापाशी," तो म्हणाला.

पेनड्राईव्ह करून देण्याआधी प्रमोदिनी सगळं पाहायला बसली. त्रिसरण-पंचशील सुरू झालं आणि प्रीतीच्या गालावर एक हिरवा चौकोन उमटला. मग दुसरा. कार्ड तापत गेलं होतं आणि उघडलेला भाग चुकीची गणितं करत गेला होता, मुकाट्यानं, कुठलीही सूचना न देता. हार घालायच्या वेळेपर्यंत माणसांच्या जागी फक्त हिरवे-करडे तुकडे थरथरत होते. शेवटपर्यंत तसंच. आवाज तेवढा स्वच्छ होता, कारण त्याला कार्डानं हातच लावला नव्हता.

गिरिधरनं घाईघाईनं कार्ड पूर्ववत केलं. पण आता साफ करायला उरलं काय होतं? पुसलेल्या फाईलच्या जागेवर दुसऱ्यांचं लग्न बसलं होतं.

यमुताई आल्या तेव्हा तोच आधी बोलला. "कॅसेटच सडेल होती, मावशी. थोडंसंच निघालं."

प्रमोदिनीनं त्याच्याकडे पाहिलं. त्यानं नजर वळवली.

यमुताई खुर्चीत बसल्या, मग हळूहळू मान हलवू लागल्या. "माहीच चूक हाय. पेटीत ओल येते, मले दिसे. म्या काही ते उचलून वर ठेवलं नाही. लेकराचा चेहरा म्याच सडवला." तुटकी कॅसेट घेऊन त्या जिना उतरल्या.

प्रमोदिनी अनवाणीच त्यांच्यामागे धावली. रस्त्यावर, ऑटोला हात करणाऱ्या यमुताईंना तिनं थांबवलं आणि सगळं सांगितलं. कार्डाचं, फाईल पुसल्याचं, खोटं बोलल्याचं.

यमुताईंनी ऑटो जाऊ दिला. "हे सांगून तुवा मले काय देलं वं? माह्या पोरीचा चेहरा तं गेलाच नं?"

"आवाज हाय, मावशी. पूर्ण हाय," एवढंच प्रमोदिनी म्हणाली.

त्या पुन्हा वर आल्या. पडद्यावर चौकोन थरथरत होते. यमुताईंनी डोळे मिटून घेतले. बँडचा आवाज, बायकांची गडबड, आणि मधेच अगदी जवळून एक पोरगी म्हणाली, "आई, पानी देनं वं, घसा सुकला."

यमुताईंचा हात आपसूक पुढे झाला आणि टेबलावर पडला.

गिरिधर हात जोडून काहीतरी म्हणायला गेला. त्यांनी डोळे उघडले. "मशीन बिघडली म्हणा, तुमी चुकले म्हणा. पण मेलेल्या पोरीचं पाप मायवर काहून ढकललं, बाप्पा?"

प्रमोदिनीनं पेनड्राईव्ह त्यांच्या हातात ठेवला. त्यांनी तो घेतला, तिच्याकडे न बघताच, आणि भिंतीला धरून एकेक पायरी उतरत गेल्या. सोबत यायला निघालेल्या प्रमोदिनीला त्यांनी हातानंच थांबवलं.