दवाखान्याची नक्कल

पहिली टर्म संपली त्या दुपारी इंद्रभान लुगडं नेसून, कपाळाला रुपयाएवढं कुंकू लावून अमरावतीच्या बोर्डिंगच्या अंगणात उभा होता, आणि समोर सतरंजीवर बसलेली पोरं हसून हसून एकमेकांच्या अंगावर पडत होती. सहामाही परीक्षा आदल्या दिवशीच आटोपली होती. दुसऱ्या दिवसापासून दिवाळीची सुट्टी लागणार होती. सुट्टीला जाण्याआधी बोर्डिंगातली पोरं गाणी, नकला, एखादा छोटा फार्स असं काहीतरी करत. यंदा सगळ्यांनी शेवटचा मान इंद्रभानला दिला होता.

इंद्रभान सोनाळ्याच्या किसनरावांचा मुलगा. सातपुड्याच्या पायथ्याच्या त्या गावातून कॉलेजात गेलेला तो पहिलाच. जूनमध्ये तो आला तेव्हा मराठीच्या तासाला प्रोफेसरांनी उशीर का झाला म्हणून विचारलं होतं. "मले खोली नाई सापडली, सर," असं तो बोलून गेला आणि सगळा वर्ग हसला. खरं तर वर्गातली निम्मी पोरं वऱ्हाडातलीच होती. घरी तीही तसंच बोलत असणार. पण ती हसली, आणि पुढे कितीतरी दिवस "मले नाई सापडली" हे शब्द त्याच्या मागे व्हरांड्यातून फिरत राहिले. इंद्रभान बोलेनासाच झाला. खोलीतला सोबती रंगराव ऊर्फ रंगा यवतमाळच्या एका वकिलाचा मुलगा, मनानं बरा. त्याच्याकडून त्यानं 'मला', 'तुला', 'आहे', 'नाही' घोटून घेतलं. पोळी खाताना, आंघोळीला जाताना तो ते शब्द तोंडात घोळवत असे.

मग एका संध्याकाळी रंगानं सहज विचारलं, "तुमच्याकडच्या बायका कशा बोलतात रे?"

इंद्रभाननं बोलून दाखवलं. डोक्यावर टॉवेल घेतला, हात कमरेवर ठेवला, आणि घरातला एक आवाज त्याच्या तोंडातून असा बाहेर आला की खोलीतले सगळे थक्क झाले. शेजारच्या खोल्यांतली पोरं गोळा झाली. जूनमध्ये हसणारे तेच होते आणि हसणंही तेच होतं. पण आता ते आपल्या बाजूनं आहे असं त्याला वाटलं. त्यानंतर पोरं त्याला जेवताना शेजारी बसायला बोलावू लागली.

तो आवाज मोठीमायचा होता. मोठीमाय म्हणजे त्याची थोरली काकू, अन्नपूर्णाबाई. एकत्र घरात पोरांना जेवू घालणं, न्हाऊ घालणं तिच्याकडे, आणि बोलणंही तिच्याचकडे. घरातल्या बाकीच्या बायका बोलत, पण मोठीमाय बोलायला लागली की ऐकत. बाजारात भाव करताना, कापूस वेचताना, लग्नाच्या मांडवात, कुठंही ती सुरू झाली की माणसं जवळ सरकायची. तिच्या सगळ्या गोष्टींत पोरांची आवडती गोष्ट होती दवाखान्याची. तिची मुलगी कोकिळा, घरात सगळे कोकी म्हणत, तापानं फणफणली तेव्हा मोठीमाय तिला बैलगाडीत घालून शेगावच्या दवाखान्यात घेऊन गेली होती. "डाक्तर म्हणे, जीभ दाखवा. मी काढली. तो पाह्यते माह्या तोंडाकडं, मी पाह्यतो त्याच्या तोंडाकडं. म्हणे, बाई, तुमची नाही, मुलीची. म्या म्हटलं, मंग तसं सांगा नं बाप्पा, मी कवाची काढून बसलो! तं कोकी अशी हासली, अशी हासली, का तापानं उठता येत नोतं तरी हासली." गोष्ट इथं संपायची. त्यानंतर कोकी फार दिवस राहिली नाही, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. इंद्रभान तेव्हा लहान होता, पण त्यालाही ठाऊक होतं.

बोर्डिंगात त्यानं हीच गोष्ट नक्कल करून दाखवली. डॉक्टर झाला रंगा. कोकी म्हणून टेबलावर चादरीत गुंडाळलेली उशी होती. जीभ काढल्यावर अंगण दणाणून गेलं. पण तालमीत रंगा म्हणाला होता की शेवट जरा फिका पडतो. तेव्हा इंद्रभाननं एक शेवट जोडला होता. डॉक्टरला राम राम करून बाई तरातरा निघून जाते, उशी टेबलावरच राहते, आणि मग बाई लुगडं सावरत, बोंब मारत परत येते, "अव्वा! माही कोकी राह्यली वो!" आणि उशी उलटी, पाय वर करून उचलते. त्यावर पोरं उठून उभी राहिली. मागच्या रांगेतून कोणीतरी शीळ घातली. "पुन्हा, पुन्हा!" म्हणून ओरडा झाला आणि त्यानं उशी टेबलावर ठेवून पुन्हा एकदा बोंब मारली.

तो चादरीच्या पडद्यामागे आला तेव्हा खानावळीचा आचारी त्याला म्हणाला, "इंद्रभान, तुमच्याकडचे पाहुणे आलेत. मघाच आले. मी मागं आमच्यात बसवलं त्यांना, नक्कल बघायला."

मोठीमाय बडनेऱ्याजवळ माहेरी आली होती. दुसऱ्या दिवशी बडनेऱ्याच्या स्टेशनवर तिला गाठायचं आणि दोघांनी मिळून शेगावपर्यंत जायचं, असं किसनरावांनी ठरवून दिलं होतं. पण लेकरू कुठं राहतं, काय खातं ते एकदा पाहावं म्हणून ती भावाला, महादेवरावांना, घेऊन आदल्याच दिवशी आली होती.

लिंबाच्या झाडाखाली ती उभी होती. काखेत गाठोडं, नवं हिरवं लुगडं, पायात माती. महादेवराव दुसरीकडे बघत होते. इंद्रभान तिच्यासमोर आला तेव्हा त्याच्याही अंगावर लुगडंच होतं, आणि ते सोडायला त्याचे हात उठले नाहीत. मोठीमायनं त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"कासोटा सुटून राह्यला तुहा," ती म्हणाली.

त्यानं तो चाचपडत खोचला. तेवढ्यात रंगा आणि आणखी दोघंतिघं हसत मागून आले. "अरे, या कोण?"

"माझ्या काकू," इंद्रभान म्हणाला. शब्द अगदी स्वच्छ आले.

"नमस्कार काकू! कधी आलात?"

मोठीमायनं पदर डोक्यावरून पुढे ओढला. तिनं ओठ एकदा मिटले आणि मग उघडले. "मी... आत्ताच आले," ती म्हणाली.

सोनाळ्यात बाई 'मी आलो' म्हणते. मोठीमायच्या तोंडून 'आले' हा शब्द इंद्रभाननं जन्मात ऐकला नव्हता. तो तिनं असा उच्चारला, जसं कुणी परक्याच्या घरी काचेचं भांडं उचलतं. पण शब्द बदलला तरी आवाज तोच होता. रंगानं तो ओळखला. त्यानं इंद्रभानकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, आणि त्याच्या तोंडून निघून गेलं, "अरे, हुबेहूब!"

बोलल्यावर त्याला कळलं. त्यानं मान खाली घातली. पण मागच्या एकाला हसू आवरलं नाही.

आपल्याला काही करायचंच होतं तर ते त्याच क्षणी करायला हवं होतं, असं इंद्रभानला पुढे सुट्टीभर वाटत राहिलं. त्यानं काहीच केलं नाही. "मी कपडे बदलून येतो," म्हणून तो खोलीत गेला. कुंकू पुसलं तरी कपाळ लाल राहिलं. ते साबणानं घासत तो बराच वेळ तिथंच थांबला. परत आला तेव्हा मोठीमायनं गाठोडं सोडून त्याच्यासाठी आणलेले लाडू आचाऱ्याकडे दिले होते आणि ती महादेवरावांबरोबर त्यांच्या ओळखीच्यांकडे मुक्कामाला निघाली होती. तिनं बोर्डिंगातली खोली पाहिलीच नाही.

दुसऱ्या दिवशी गाडीत बायकांच्या डब्यात जागा नव्हती, म्हणून दोघं एकाच डब्यात बसली. एरवी मोठीमायला आगगाडी म्हणजे पर्वणी. मूर्तिजापूर येईपर्यंत समोरच्या बाईचं माहेर, सासर, दुखणीखुपणी सगळं तिला माहीत झालेलं असायचं. आज समोरच्या बाईनं आपणहून विचारलं, "कोठी जाता वो माय?"

मोठीमायनं आधी इंद्रभानकडे पाहिलं. मग "शेगावले," एवढंच म्हणाली आणि खिडकीबाहेर बघू लागली. बाई थोडा वेळ वाट पाहून दुसरीकडे वळली.

इंद्रभानला ती नजर कळली. ती रागाची नव्हती. रागाची असती तर त्याला बरं वाटलं असतं. शाळेत गुरुजी बाजूला उभे असताना पाटीवर लिहिणारं पोर जसं बघतं, तशी ती होती.

घरी दिवाळी झाली. अंगणात शेणाचा सडा, ओट्यावर पणत्या, सगळं नेहमीसारखं. शेजारच्या बाया अमरावतीचं ऐकायला आल्या. मोठीमायनं सांगितलं, कॉलेज मोठं आहे, पोरं चांगली आहेत, जेवण बरं असतं. इंद्रभान जवळ असला की ती असंच तुटक बोलायची. तो उठून गेला की मागे तिचा आवाज हळूहळू मोकळा व्हायचा. आपण घरातून बाहेर पडावं म्हणजे घर पूर्ववत होईल, हे त्याला दोन-तीन दिवसांतच समजलं. तो नदीवर, मळ्यात, कुठंही जाऊन बसू लागला. परीक्षेचा विचार करावा म्हटलं, तर त्याला पेपर आठवत नसत. आठवायची ती उशी, आणि "पुन्हा, पुन्हा!" म्हटल्यावर आपण ती आनंदानं परत टेबलावर ठेवली ते.

एके दिवशी धाकट्या पोरांनी हट्ट धरला. "मोठीमाय, दवाखान्याची सांग!"

"इसरलो बाप्पा," ती म्हणाली आणि चुलीतलं लाकूड पुढे सारलं.

त्याच दुपारी ती मागच्या अंगणात एकटी बसून तूर निवडत होती. इंद्रभान जवळ जाऊन बसला. काय बोलायचं ते त्यानं मनात जुळवलं होतं, आणि ते घरच्या बोलीत बोलायचं असंही ठरवलं होतं.

"मोठीमाय, माह्यं चुकलं वो. मले तसं नोतं कराले पाह्यजे."

बोलता बोलता त्याच्या कानावर त्याचाच आवाज आला आणि तो घाबरला. 'वो' लांबला होता. 'मले' नको तितका ठसला होता. पाच महिन्यांत ही बोली त्यानं फक्त हसवण्यासाठी वापरली होती. आता ती त्याच्या तोंडात तशीच बसली होती. मोठीमायचे हात सुपावर थांबले. हा अजूनही नक्कल करतो आहे की काय, असं तिनं त्याच्याकडे पाहिलं.

"मी खरंच म्हणतोय," तो घाईघाईनं म्हणाला. आता ते रंगाचं मराठी होतं. दोन्हीपैकी कोणत्या भाषेत माफी मागावी हे त्याला कळेना, आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

मोठीमायनं सूप खाली ठेवलं.

"मी बी हासलो पह्यल्यानं," ती म्हणाली. "मले वाटलं, कोणाची तरी बाई असन. मंग तू जीभ काढली, तवा समजलं. त्याचं मले काई नाई. काढली होती म्या जीभ. ते खरं हाये. त्याच्यावर जगानं हासावं." ती थांबली. एक खडा वेचून तिनं बाजूला टाकला. "पण बापू, मी तिले टेबलावर इसरलो नोतो. एवढं मात्र तू खोटं केलं."

इंद्रभाननं तो खडा उचलून मुठीत धरला.

"गाडीत माह्या मांडीवर होती ते. तशीच घरी आणली. मी तिले कोठीच नाई इसरलो."

"मला ठाऊक आहे," तो म्हणाला.

"ठाऊक होतं, मंग काऊन केलं?"

लोक हसावेत म्हणून, एवढंच उत्तर होतं.  तिनं फार वाट पाहिली नाही. सूप पुन्हा हातात घेतलं आणि पाखडू लागली. तुरीचं फोलपट त्याच्या अंगावर उडत होतं, तरी तो बराच वेळ तिथून हलला नाही. जेवणाच्या वेळी तिनं त्याला नेहमीसारखं वाढलं, भाकरीवर तेल जास्त घातलं.

सुट्टी संपल्यावर त्यानं जाण्याच्या दिवशी सगळ्यांच्या पाया पडून निरोप घेतला. मोठीमाय पहाटेच वेचणीला गेली होती. गडी तुळशीराम त्याला वरवटच्या मोटारीपर्यंत पोचवायला बैलगाडी घेऊन निघाला. वाट घरच्याच शेताच्या बांधावरून जात होती. कापूस फुटून रान पांढरं झालं होतं, आणि तिकडून बायांच्या घोळक्यातून एक आवाज येत होता, भरलेला, खेळकर, मध्येच खाली उतरून पुन्हा वर जाणारा. शब्द कळत नव्हते. मधूनच बाया हसत होत्या.

"थांब जरा," इंद्रभान तुळशीरामला म्हणाला. पण बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांनी आधीच वर्दी दिली होती. बायांनी वळून पाहिलं. आवाज थांबला.

तो उतरून बांधापर्यंत गेला. मोठीमाय ओटीतला कापूस सांभाळत कपाशीची दोन तासं ओलांडून आली. तो पाया पडला. तिनं कापूस लागलेला हात त्याच्या डोक्यावर ठेवला.

"जेवत जाजो येळेवर," ती म्हणाली. "अभ्यास करजो."

"हो," तो म्हणाला. आणखी काही बोलावं असं त्याला वाटलं, पण मागे सगळ्या बाया हात थांबवून उभ्या होत्या, तो जाण्याची वाट बघत. तो गाडीत जाऊन बसला.

गाडी बाभळीच्या वळणाला पोचली तेव्हा मागून पुन्हा एकदा हसणं उठलं, मोठं, सगळ्या बायांचं. ते कशावर होतं कोण जाणे. तुळशीरामनं मागे वळून पाहिलं आणि तोही उगाच हसला. इंद्रभान समोर, बैलांच्या पाठीकडे बघत राहिला. परत जाऊन विचारायला त्याला तोंड नव्हतं.