फुकट आहे तोवर

रक्त तपासणाऱ्या त्या मोठ्या प्रयोगशाळेत तिला सगळे वायरबाई म्हणत. टाइपरायटरच्या दिवसांत ती तिथे रिपोर्ट टाइप करायला लागली होती. कार्बन पेपरने बोटं काळी होत, आणि टाइपरायटर अडला की दुरुस्तीवाला येईपर्यंत सगळे निवांत चहा पीत. रिपोर्ट उद्या मिळेल म्हटलं की माणसं उद्या येत, कुणी तोंड वाकडं करत नसे. मग एक कॉम्प्युटर आला. त्याच्या खोलीत जायलाही लोक बिचकत. ही बिचकली नाही, एवढाच तिचा गुन्हा. पुढे कॉम्प्युटर वाढले, रक्त तपासणारी यंत्रंच त्यांना जोडली गेली, आणि सगळा कारभार हिच्या गळ्यात पडला. तो पडला तो पडलाच. आता निवृत्ती जवळ आली, तरी कुणी तो उतरवून घ्यायला तयार नव्हतं.

अशात ताईचा फोन आला. ताई परगावी एकटी राहायची. आई दिवसभर कामावर असायची, त्यामुळे वायरबाईला कडेवर घेऊन वाढवलं होतं ते ताईनेच.

"गुडघा बदलायचा ठरलाय," ताई म्हणाली. "ऑपरेशनचं भय नाही गं, तेव्हा मी झोपलेलीच असणार. पण लगेच दुसऱ्या दिवशी उभं करून चालवतात म्हणे. त्याचीच धास्ती वाटते बघ. तेव्हा तू समोर हवीस. बाकी काही करू नकोस, नुसती समोर उभी राहा."

"येते म्हणजे येतेच," वायरबाई म्हणाली आणि तशीच मोठ्या डॉक्टरांच्या केबिनमध्ये गेली. प्रयोगशाळा त्यांची. माणूस वाईट नव्हता, पण रजेचं नाव काढलं की त्यांना कमी ऐकू येई.

"तुम्ही गेल्यावर इथे कोण बघणार, बाई?"

"म्हणून तर म्हणते, हाताखाली एक माणूस द्या. त्याला शिकवते आणि जाते."

"काम दोघांचं आहे हे मला दाखवा. दिसलं की देतो."

दाखवा म्हणजे काय दाखवायचं? बिघाड दुरुस्त झाला की त्याचं नावनिशाण उरत नाही. मग तिला यंत्रांवर पहारा ठेवणारं एक सॉफ्टवेअर सापडलं. प्रत्येक यंत्राचा पडद्यावर एक ठिपका. ठीक असेल तर हिरवा, दमायला लागलं की पिवळा, बंद पडलं की लाल. शिवाय फोनवर सूचना, आणि हवा तेव्हा सगळ्याचा अहवाल. महिनाभर फुकट, आवडलं तर विकत घ्या. वायरबाईला हायसं वाटलं. दिवसातून किती वेळा काय काय कोलमडतं ते आता छापील दिसेल. मग डॉक्टर नाही कसे म्हणतील?

फुकट आहे तर पुरेपूर वापरून घ्यायचं म्हणून तिने काही सोडलं नाही. मुख्य सर्व्हर, रक्ताची यंत्रं, प्रिंटर, टोकन देणारी पेटी, हॉलमधला टीव्ही, सगळं जोडलं. जरा कुठे खुट्ट झालं की कळावं, अशी सूचनांची पातळी लावली.

"माझ्या सासूबाईंना पण जोडा की," रिपोर्टच्या काउंटरवर बसणारी म्हणाली. "पिवळ्या कधी होतात ते आधी कळलं तर मी घरी उशिरा जाईन."

"त्यांनी तुलाच जोडलं असेल आधी."

हसणं तेवढंच. लगेच फोन थरथरायला लागला. पूर्वी कुणीतरी येऊन सांगायचं, वायरबाई, अमकं चालत नाही. तोवर ती आपला घास संपवून घ्यायची. आता कुणाला कळायच्या आतच तिला कळे, आणि ती उठे. पिवळा दिसला की तो लाल होऊ द्यायचा नाही, हे तिच्या अंगातच होतं. डबा उघडा टाकून ती जिने चढे, केबल नीट बसवी, खाली येई, तो दुसरा पिवळा. महिना पुढे सरकला तशी पडद्यावर आणि अहवालातही सगळीकडे हिरवळ दिसू लागली.

काउंटरवरचीनेच तिला भानावर आणलं. "अहो, तुम्ही तुमच्याच पायावर धोंडा पाडून घेताय. राहू दे की एखादं लाल. चार माणसं ओरडली म्हणजे केबिनपर्यंत ऐकू जाईल."

वायरबाईला पटलं. दुपारी प्रिंटर लाल झाला तेव्हा ती हात मांडीखाली दाबून बसली. काउंटरपाशी एक म्हातारे गृहस्थ रिपोर्टसाठी उभे होते. त्यांनी टोपी काढली, घाम पुसला, आणि आधाराला भिंत धरली. ओरडले मात्र नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. वायरबाई उठली, अडकलेला कागद तिने ओढून काढला, आणि जागेवर येऊन स्वतःलाच मनातल्या मनात शिव्या घातल्या.

अहवाल घेऊन ती केबिनमध्ये गेली तेव्हा डॉक्टर खुशीत होते. तो पडदा त्यांनी स्वतःच्या टेबलावरही मागवून घेतला होता आणि आल्यागेल्याला कौतुकाने दाखवत होते.

"बघा बाई, कसं हिरवंगार आहे. सगळं सुरळीत."

"मी धावते म्हणून सुरळीत आहे, डॉक्टर."

"तेच म्हणतोय मी. एकटीने धावून भागतंय. दुसऱ्याला इथे बसवून काय करू?"

तिचं तोंड पाहून ते जरा विरघळले. "बहिणीकडे जायचंय ना? जा की. फोनवर सगळं दिसतंच तुम्हाला. फक्त हे फुकट आहे तोवर उरकून या. विकत घ्यायचं की नाही, माझं अजून ठरलेलं नाही."

रजा मिळाली होती. ऑपरेशनही मुदतीच्या आत बसत होतं. तरी जिना उतरताना तिला दावं सुटल्यासारखं काही वाटेना. कुणीतरी ते जरा लांब केलं होतं, इतकंच.

ताईचं ऑपरेशन छान झालं. वायरबाई खाटेशेजारी बसून होती, आणि तिच्या मांडीवर फोन गुरगुरत होता.

"त्याला पण ताप आलाय का?" ताईने विचारलं.

"टीव्ही बंद पडलाय. हॉलमधला."

"मग पडू दे. बंद करून टाक ना ते."

"बंद केलं तर डॉक्टर स्वतः फोन करतात. त्यांच्या टेबलावर दिसतं सगळं." आणि ते खरंच होतं. प्रिंटर कुठे ठेवलाय हे ज्यांना कधी माहीत नव्हतं, ते आता पिवळा ठिपका दिसला की कासावीस होत.

दुसऱ्या दिवशी सकाळी व्यायाम करून घेणाऱ्या बाई वॉकर घेऊन आल्या. ताईचा चेहरा उतरला. वायरबाई समोर जाऊन उभी राहिली. "हं, मी आहे इथे. ऊठ."

ताईने पाय खाटेखाली सोडले आणि फोन वाजला. काउंटरवरची होती. "अहो, मुख्य सर्व्हरच गेलाय. सगळं लाल. हॉल भरलाय, एक बाई रडतेय, तिच्या मुलाला दाखल करायचंय आणि रिपोर्ट निघत नाहीये."

"एक मिनिट हं, ताई," वायरबाई म्हणाली. खोलीत आवाज नीट येईना, म्हणून ती खिडकीकडे वळली. "ऐक. मागे हात घाल. जाड काळी वायर. दिसली? काढ. आता थांब. लगेच लावू नकोस गं, थांब म्हटलं ना. हं, आता लाव."

"लाल आहे."

"असू दे. जरा वेळ लागतो त्याला."

तिकडे हॉलमधला गलका ऐकू येत होता. वायरबाईने कपाळ काचेला टेकवलं.

"झाला. हिरवा झाला. निघाला रिपोर्ट."

ती वळली तेव्हा खाट रिकामी होती. ताई दाराजवळच्या खुर्चीत बसली होती, केस घामाने कपाळाला चिकटलेले, एक हात त्या व्यायामवाल्या बाईंच्या हातात घट्ट. बाई सांगत होत्या, "अगदी छान चाललात. मध्ये घाबरलात जरा, पण चाललात."

"मिळाला का त्या मुलाचा रिपोर्ट?" ताईने विचारलं.

"मिळाला."

"बरं झालं." ताईने डोळे मिटून घेतले. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच वायरबाईला सोसेना.

फोन परत वाजला. या खेपेला डॉक्टर होते. "वा, बाई. म्हणजे तिकडूनही जमतंय की तुम्हाला."

"हो," वायरबाई म्हणाली. तिने खाली बसून ताईची सपात पायातून अलगद सोडवली, आणि खांद्याने कानाशी धरलेल्या फोनवर डॉक्टर पुढे बोलत राहिले.