सासू चांगला म्हणाला

रेणुका निजामाबादकडची. लग्न होऊन पूर्णेला आली तेव्हा तिला मराठीचा गंधही नव्हता. नवरा गोपाळ रेल्वेत कामाला. तो कामावर गेला की घरात ती आणि सासू कमलबाई. त्यांच्याशी बोलता बोलता ती मराठी बोलायला शिकली. पुढे लेक राजनंदिनी शाळेत जाऊ लागली, तेव्हा तिच्या पुस्तकावरून अक्षरंही गिरवली. पण लिहायचं म्हटलं की हात आखडायचा. शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ती फक्त अंगठा पाठवायची.

राजनंदिनीच्या वर्गाच्या राजेश्री मॅडमच्या ते ध्यानात आलं. लिहायला बिचकणाऱ्या आयांचा त्यांनी वेगळा छोटा ग्रुप काढला. "इथं बोलून पाठवायचं नाही, लिहायचं," त्यांनी सांगितलं. "आणि कुणी विचारल्याशिवाय चूक काढायची नाही."

बरेच दिवस रेणुका नुसतं वाचत राहिली. मग एकदा तिनं माहेरची सर्वपिंडी केली. तांदळाच्या पिठात शेंगदाणे, तीळ, हिरवी मिरची घालून पातेल्याच्या आत थापलेली खमंग भाकरीच ती. फोटो काढला आणि धीर करून खाली लिहिलं : 'मी आज सर्वपिंडी केला. पोरगी लय खाल्ला. सासू पण चांगला म्हणाला.'

छोट्या ग्रुपवर कौतुक झालं. पण कुणीतरी ते उचलून शाळेच्या मोठ्या ग्रुपवर टाकलं. हसून डोळ्यांत पाणी आलेल्या चेहऱ्यांची रांग लागली. एकानं लिहिलं, 'सासूचा सासरा झाला की!'

रेणुकाचं तोंड उतरलं. तिनं दोन्ही ग्रुप सोडले आणि फोन पालथा घातला. मॅडमचा फोन आला, तोही उचलला नाही.

"काय झालं गं?" कमलबाईंनी विचारलं. तिनं रडत रडत सगळं सांगितलं. कमलबाईंना हसू आवरेना.

"आत्या, तुमी पण?"

"मला बाप्या केलंस, मी न्हाई हसू तर कोण हसावं? पर मला सांग, म्या चांगलं म्हणले, हे लोकायला कळलं का न्हाई?"

"कळलं."

"मंग? हासायलेत त्यायला हासू दे. करायचं कसं, ते कुणी इचारलं का?"

रेणुकानं मॅडमना फोन लावला. "मॅडम, कुणी काय विचारलं का?"

"तेच सांगायला फोन करत होते," मॅडम म्हणाल्या. "तिघीजणी कृती मागायल्यात. जिनं टाकलं तिला मी बोलले. तुम्ही परत येता का?"

"मोठ्या ग्रुपवर घ्या," रेणुका म्हणाली. तिचं तिलाच नवल वाटलं.

संध्याकाळपर्यंत ती लिहीत बसली. लिहायची, पुसायची, पुन्हा लिहायची. पीठ किती सैल, बोटानं भोकं पाडून तेल कुठं सोडायचं, सगळं लिहिलं. 'मिरची' बाई की बाप्या, हे कमलबाईंना विचारलं. बाकीचं नाही विचारलं. मग पाठवून दिलं.

चुका होत्याच. एकदोघं हसलेही. पण दुसऱ्या दिवशी छोट्या ग्रुपवरच्या शालूनं, जिनं आजवर एक अक्षर लिहिलं नव्हतं, मोठ्या ग्रुपवर फोटो टाकला. पिंडी एका बाजूनं करपलेली. खाली लिहिलं होतं : 'माजी जळाली. काय चूकलं?'

रेणुकानं पटकन उत्तर लिहिलं : 'आच कमी ठेव. झाकण टाक.' पाठवल्यावर तिला आठवलं, आपण ते एकदाही पुसलं नव्हतं.